बर्फाच्या कारखान्यात दोन रबरं

भाच्याचा फोन आला रात्री साडेदहाला.
सुदर्शन येमूल, फौजेत मेकॅनिक.
सध्या कुठंतरी वर आहे, जागेचं नाव सांगत नाही.
म्हणाला, मामा, बर्फावर पळणारी गाडी आहे,
पुढं दोन फळ्या, मागं रबरी पट्टा,
आणि ऑइल फिल्टर संपलेत.
कंपनीचा यायला अडीच महिने, दोन हजार एकशे रुपये.
तसाच दिसणारा बाहेरचा साडेतीनशेला.
कुठला लावू?

मी अशोक चौकात, बनियनवर, गॅरेजच्या पायरीवर.
मे महिना. दिवसभराचं ऊन
फरशीतून अजून वर येत होतं.
सत्तावीस वर्षांत माझ्या हाताखालून
रिक्षा गेल्या, टमटम, विहिरीवरची इंजिनं,
एकदा सर्कशीचा जनरेटर.
बर्फ पाहिलाय तो सोड्याच्या गाड्यावर,
भुशात गुंडाळलेला.

म्हटलं, दोन्ही पाठव.

अकराव्या दिवशी पार्सल आलं.
करवतीनं दोन्ही डबे कापले,
आतला कागद काढून ओट्यावर पसरला.
बाप चादरी विणायचा,
इंचात किती धागे ते नखानं मोजायचा.
मीही नखच लावलं:
कंपनीच्या साठ घड्या, बाहेरच्याच्या एकोणचाळीस.
एकाच्या टोकाला पत्रा, दुसऱ्याच्या पुठ्ठा,
तोही डिंकानं चिकटवलेला, वाकडा.
भूदेवी चहा ठेवून म्हणाली,
महागातलं चांगलं असतं
एवढं कळायला करवत कशाला लागती?

पण तळाशी रबराची एक चकती असते.
इंजिन बंद झालं की तेल मागं वाहू देत नाही ती.
आमच्याकडं रबर वितळतं, ते मला पाठ आहे.
गारठ्यात काय होतं, कुणाला विचारू?

अक्कलकोट रोडला रजाक नदाफचा बर्फाचा कारखाना.
दोन्ही चकत्या पिशवीत बांधून
मिठाच्या पाण्याच्या हौदात रात्रभर सोडल्या.
रजाक म्हणाला, मास्तर, मासळी हाय का?

सकाळी काढल्या.
बाहेरच्याची नारिंगी चकती
कानाच्या पाळीसारखी मऊ.
कंपनीची काळी. अंगठ्यानं दाबली
तर खारीसारखा कड्डकन आवाज,
काठाला चीर.
मग चष्मा लावून खोक्यावरची तारीख वाचली:
आठ वर्षं कुठल्यातरी गोदामात झोपलेला माल.

आता बोला.
कागद ह्याचा चांगला, रबर त्याचं.
निम्मा निम्मा फिल्टर लावता येत नाही.

बापाच्या शेवटच्या दिवसांत
आमच्या गावाच्या नावाच्या चादरी
दुसरीकडनं विणून यायला लागल्या होत्या.
तो छाप वाचायचाच नाही.
चादर उलटी करायचा,
कोपरा दोन बोटांत चोळायचा,
आणि काही न बोलता परत द्यायचा.

रात्री फोन लावला.
म्हटलं, कंपनीचाच मागव, पण तारीख बघून घे.
तोवर बाहेरचा लाव, निम्म्या तासांतच बदल,
आणि काढलेला फेकू नको रे.
काप. घड्या उघड.
धातूची चमक दिसली तर गाडी उभी कर.

पलीकडं वारा नुसता.
मग म्हणाला, मामा,
इथं हातमोजा काढून
मिनिटभर करवत धरता येत नाही.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
घामानं फोन हातातून निसटत होता माझ्या.

ती काळी चकती ओट्यावरच आहे.
दुपारपर्यंत पुन्हा मऊ झाली.
चीर राहिली.

इरण्णा बिराजदार रिक्षा घेऊन आला,
म्हणाला, स्वस्तातला टाका की मास्तर,
नेहमीसारखा.
डबा हातात घेतला, खोलणार होतो,
तेवढ्यात पहिल्यांदाच त्याला विचारलं,
कुठं कुठं जातोस रे हिला घेऊन?